पुठ्ठ्याच्या बाईशेजारी

तायडे साहेबांनी मला बारा-तेरा वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातल्या एकाही चिठ्ठीत सिनेमा कसा होता हे नव्हतं. कॅसेट कशी होती, एवढंच असायचं. 'दुसऱ्या भागात वीस मिनिटांनी पट्टीला सुरकुती. आवाज डावीकडून कमी. बाकी ठीक. तायडे.' सिनेमाबद्दल त्यांनी एकदाच लिहिलं, अगदी शेवटच्या चिठ्ठीत. ती चिठ्ठी अजून माझ्याजवळ आहे.

मी मुकादम, दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावचा. मेव्हण्याच्या ओळखीने ओमानला आलो आणि अल खौदच्या बाजारात व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात बसलो. दुकानाचा परवाना आमच्या अर्बाबच्या नावावर, म्हणजे ओमानी मालकाच्या. गल्ल्यामागची खुर्ची माझी. विद्यापीठ जवळ, म्हणून गिऱ्हाईक शिकलेलं. शिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे कॅसेट उशिरा आणणारं, तीही अर्धी फिरलेली. मी स्वतः सिनेमे बघत नसे. हलवाई जिलेबीला हात लावत नाही, तशातला प्रकार. कुठली कॅसेट किती वेळा बाहेर जाते यावरून मी सिनेमा ओळखायचो, आणि कोण काय नेतो यावरून माणूस.

तायडे साहेब मात्र मला सुरुवातीला ओळखताच आले नाहीत, कारण ते काहीही न्यायचे. मारामारीचा, रडका, भुताचा, लहान मुलांचा. हाताला येईल तो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळांतली उपकरणं दुरुस्त करायचं त्यांचं काम. मूळचे अकोल्याकडचे. उंच, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि एक इवलासा स्क्रूड्रायव्हर. दुकानात शिरताना "जयभीम, मुकादमभाऊ" म्हणायचे. मी "सलाम, साहेब" म्हणायचो. वर्षभरात कधीतरी उलटं झालं. ते सलाम म्हणायला लागले आणि मी जयभीम. कोणी ठरवून केलं नव्हतं.

पहिलीच कॅसेट त्यांनी परत आणली ती पूर्ण मागे गुंडाळून, पुसून, आणि वर चिठ्ठी. 'आतली स्प्रिंग सैल होती, बसवली आहे.' मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी सूट मागणार. त्यांनी दुसरी कॅसेट उचलली आणि गेले. पुढे महिन्यातून एकदा, गुरुवारी सकाळी, ते दुकानात येऊन आजारी कॅसेटी टेबलावर मांडून बसू लागले. चहा घेत, पण एकच. दुसरा विचारला तर म्हणत, "पहिला अजून संपला नाही," आणि कप रिकामा असायचा.

दुकानात लावलेली पाटीही त्यांच्याच अक्षरातली. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि खाली आमच्या अर्बाबकडून लिहून घेतलेली अरबी. नियम तीन. एक, कॅसेट मागे गुंडाळून परत द्यावी. दोन, कॅसेट उन्हात गाडीत ठेवू नये. तीन, चित्र जास्त वेळ थांबवून ठेवू नये, पट्टी घासते. तिसऱ्या नियमावर मी हसलो होतो. म्हटलं, साहेब, सिनेमा थांबवून बघत कोण बसतो? ते म्हणाले, "लोक कशासाठी काय करतील सांगता येत नाही. यंत्राला काय सोसतं ते आपण सांगून ठेवायचं."

एका शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी बदली कॅसेट द्यायला गेलो. शकुंतलावहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, ताटं मांडली होती आणि जेवायला कोणी उठत नव्हतं. टीव्हीवर सिनेमा कधीच संपला होता. काळ्या पडद्यावर पांढरी नावं खालून वर चालली होती आणि तायडे साहेब ती वाचत होते. शेजारी त्यांचा मुलगा मिलिंद, तेव्हा नववीत असेल, तोंड पाडून बसलेला.

"बाबा, फिनिश झालं ना? आता फक्त नेम्स आहेत."

"नावंच बघायची आहेत. बस."

"अंकल, तुम्ही तरी सांगा ना बाबांना. दर वेळी असंच करतात. सुतारचं नेम पण वाचायला लावतात."

"सुताराचं," साहेब म्हणाले. नजर पडद्यावरच.

नावं संपली, कॅसेट मागे फिरायला लागली, तेव्हा कुठे ते जेवायला उठले. मला हात धरून बसवलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "माझ्या बापाने धरणावर चार वर्षं दगड वाहिले, मुकादमभाऊ. धरण झालं तेव्हा मला खांद्यावर बसवून दाखवायला घेऊन गेला. तिथे मोठी कोनशिला. मी नवीन वाचायला शिकलो होतो, म्हणून म्हणाला, वाच. मी वाचलं. मंत्र्याचं नाव होतं. मग म्हणाला, खाली बघ, अजून असेल. खाली काही नव्हतं." त्यांनी पाणी प्यायलं. "सिनेमात दिवा धरणाऱ्याचं नाव येतं. गाडी चालवणाऱ्याचं येतं. एवढी माणसं राबली, त्यांनी लिहून ठेवलंय, तर वाचायला आपलं काय जातं?"

वहिनी म्हणाल्या, "कालवण गार होतं."

मिलिंद हुशार निघाला. शाळा संपल्यावर दोन वर्षं इथेच काढून तो अमेरिकेत शिकायला गेला, सत्त्याण्णव साली. मस्कतच्या विमानतळावर त्याला सोडून साहेब तसेच दुकानात आले, चार कॅसेटी घेऊन गेले, आणि दोन दिवसांत चारही परत आणल्या. चिठ्ठ्या चार. बाकी ठीक.

शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदचा फोन यायचा आणि शनिवारी त्यात काय होतं ते मला कळायचं. एका शनिवारी साहेब जरा लवकरच आले. म्हणाले, "मिलिंद सिनेमात काम करतोय."

त्याच्या शहरात एका मोठ्या सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. तिकडच्या फुटबॉलवरचा सिनेमा. पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळतात, डोक्याला शिरस्त्राण, तो फुटबॉल. मैदानातली गर्दी म्हणून कॉलेजची पोरं तीन दिवस बसवली होती. जेवण फुकट, वर डोक्याला एक पिवळी टोपी. सगळे मोठमोठे नट. एक म्हातारा नामांकित, दोन तरुण चलतीतले, एक गायक, शिवाय खरेखुरे खेळाडू. नावं ऐकून माझ्यासारख्या कोरड्या माणसाचेही कान टवकारले.

"गर्दी कमी पडली म्हणून मागच्या रांगांत पुठ्ठ्याची माणसं बसवली आहेत म्हणे," साहेब सांगत होते. "मिलिंदच्या शेजारी पुठ्ठ्याची बाई आहे. जेवायच्या सुट्टीत तिच्या पायाशी बॅग ठेवून जातो. म्हणतो, बाबा, तुम्ही बघाल ना, मी नक्की दिसेल." इतका वेळ हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून त्या खेळाचं पुस्तक आणलं. नियम शिकले, मलाही शिकवायला लागले. चार प्रयत्नांत दहा यार्ड. त्यातली त्यांना एकच गोष्ट मनापासून आवडली. अंतर मोजायला दोन माणसं मैदानात साखळी घेऊन येतात. "मोजमाप चोख आहे खेळात," म्हणाले. सिनेमा केव्हा येईल हे दर महिन्याला विचारायचे. मी म्हणायचो, इन्शाल्ला, येईल.

सिनेमा यायच्या आधी मिलिंद गेला. मित्राच्या गाडीत मागे बसला होता, गाडी उलटली. तिकडे जायची कागदपत्रं व्हायला वेळ लागला, तेवढ्यात तिथलं सगळं उरकलं होतं. दोन आठवड्यांनी एक मित्र अस्थी घेऊन आला. आईबापांनी मुलाला शेवटचं पाहिलं ते विमानतळावर, पाठमोरं, दोन वर्षांपूर्वी.

घरी त्रिसरण-पंचशील झालं. सोहारहून, खाबुऱ्याहून माणसं आली होती. आमचा अर्बाब खजूर आणि काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन आला आणि तासभर बसला. मला रडू आलं नाही. मला त्याची लाज वाटली, पण साहेबही रडत नव्हते. ते येणाऱ्या प्रत्येकाच्या चपला दाराशी ओळीत लावत होते. नवव्या दिवशी ते कामावर गेले आणि संध्याकाळी दुकानात आले.

"सलाम, मुकादमभाऊ. तो फुटबॉलचा सिनेमा आला का?"

मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले. कॅसेट न घेता गेले. त्यानंतर ते दर शनिवारी यायचे, एवढाच प्रश्न विचारायचे आणि जायचे.

कॅसेट आली ती पुढच्या वर्षी. इकडे येणारा प्रत्येक सिनेमा कात्रीखालून यायचा, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "यातला किती कापलाय?"

मी त्यांच्यासमोरच रुवीच्या घाऊकवाल्याला, कुट्टीला, फोन लावला. विचारलं, इसमें क्या-क्या काटा है? कुट्टी म्हणाला, "भाई, वही, नंगा लोग और गाली. कपड़ेवाला कोई नहीं काटा." मी तसंच्या तसं सांगितलं. "मग ठीक आहे," साहेब म्हणाले. आम्हा दोघांनाही हसू आलं नाही. आज लिहिताना येतंय, आणि बरं वाटत नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठजण जमलो. साहेबांच्या खात्यातले दोघं, शेजारचं कुटुंब, मी. आयुष्यात पहिल्यांदा मी एक सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, आणि तो हा. काय सांगू? एवढे मोठे नट, आणि सगळे एकमेकांवर ओरडत होते. एक ओरडून थकला की दुसरा. मैदानातलं दृश्य आलं की कॅमेरा गरगर फिरायचा, धाडकन कोणीतरी पडायचं, आणि लगेच नटाचा घामाने भिजलेला चेहरा पडदाभर. गर्दी दिसायची ती त्याच्या कानामागे, धूसर. आम्ही कोणी सिनेमा बघत नव्हतोच. आमचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यांत.

"ती बघा पिवळी टोपी!" शेजारचे ओरडले.

पुढच्या क्षणी कॅमेरा मागे सरकला आणि अख्खं मैदान दिसलं. घरच्या संघाचा रंगच पिवळा. चाळीस-पन्नास हजार डोकी आणि प्रत्येकावर पिवळी टोपी.

अडीच तासांनी सिनेमा संपला. खात्यातला एकजण उठत म्हणाला, "यल्ला साहेब, निघतो." साहेबांनी हातानेच बस म्हटलं. नावं वर चालू लागली. नट, खेळाडू, शिंपी, सुतार, ड्रायव्हर, जेवण पुरवणारे. आम्ही सगळे वाचत होतो. सगळ्यात शेवटी शहरातल्या नागरिकांचे आभार मानले होते, एका ओळीत. साहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "यात आला तो."

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. सिनेमाभर बाहेर आल्या नाहीत.

साहेबांनी माझ्याकडे कॅसेट ठेवून घ्यायची परवानगी मागितली. परवानगी कसली, ती कॅसेट दुसरं कोणी नेत नव्हतं. ज्यांनी नेली होती त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून टाकली. विद्यापीठातले एक प्राध्यापक तर म्हणाले, यापेक्षा नटांचे फोटो भिंतीला लावा, स्वस्त पडेल. साहेबांना मी म्हटलं, ठेवा. कितीही दिवस ठेवा.

त्यानंतर ते दुकानात येईनासे झाले. दोनेक महिन्यांनी मीच घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं. आत टीव्हीवर मैदानातली गर्दी थांबलेली. चित्राला मधून मधून थरथर. काचेवर साहेबांनी बारीक चौकटी आखलेला पारदर्शक कागद चिकटवला होता आणि भिंग घेऊन ते एका चौकटीसमोर उभे होते. जुनं मीटर तपासताना उभे राहत तसेच. टेबलावर वही, त्यात रांगांचे आकडे, पुढे फुल्या.

"बसा, मुकादमभाऊ. टोपीवरून सापडणार नाही," ते शांतपणे म्हणाले. "टोप्या सगळ्यांनाच आहेत. म्हणून मी न हलणारी माणसं शोधतो. दोन चित्रं पुढे जायचं, काय हललं नाही ते बघायचं. पुठ्ठा हलत नाही. त्यातली बाई कुठली ते बघायचं. आणि तिच्या शेजारी जो हलतो..."

तेवढ्यात चित्र आपोआप चालू झालं. पाच मिनिटांच्या वर थांबवून ठेवलं की यंत्र आपणहून पुढे जातं. साहेबांनी मागे नेऊन परत बटण दाबलं. "दर वेळी जातं पुढे. त्याचं बरोबर आहे."

माझी नजर त्या वेळी भिंतीवर, छतावर, कुठेही फिरत होती. पाटीवरचा तिसरा नियम माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला.

वहिनींनी चहा आणला. एवढ्या नेहमीच्या आवाजात विचारलं की मला आधी कळलंच नाही, "आज कुठली रांग?"

"एकोणीस," साहेब म्हणाले.

बाहेर सोडायला वहिनी जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्यांना करू द्या, भाऊ. दिवसाला दोन रांगा करतात आणि जेवतात. नाही केल्या तर जेवत नाहीत."

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. साहेब हळूहळू पुन्हा दुकानात येऊ लागले, जयभीम-सलाम सुरू झालं, गुरुवारची दुरुस्ती सुरू झाली. कॅसेटही नेऊ लागले, चिठ्ठ्याही येऊ लागल्या. फुटबॉलच्या सिनेमाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मुलगा सापडला की नाही, एवढं विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मला चार वर्षांत मिळालं नाही. भीती वाटायची, सरळ सांगतो. नाही म्हणाले तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. हो म्हणाले तरी माहीत नव्हतं.

मग डीव्हीडी आली आणि कॅसेटींना कोणी विचारीना. गुरुवारी दुरुस्त करायला काही उरलं नाही, तरी साहेब यायचे, एक चहा घ्यायचे. दोन हजार चार साली त्यांची नोकरीची मुदत संपली. अकोल्याला घर बांधून ठेवलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. गाडी बाहेर उभी, पुढच्या सीटवर वहिनी, मागे बॅगा. साहेबांनी गल्ल्यावर ती कॅसेट ठेवली. मागे गुंडाळलेली, पुसलेली. वर चिठ्ठी, रबर लावून.

"फार दिवस ठेवली," म्हणाले. माझा हात हातात घेतला, सोडला, आणि वळले.

मी रबर काढून चिठ्ठी वाचली.

'चित्रपट चांगला नाही. नट फार आहेत. एक तास बारा मिनिटांनी साधारण चार सेकंद चित्र दिसत नाही. तेवढी पट्टी पूर्ण घासली आहे. चूक माझी. बाकी ठीक. तायडे.'

पाटी माझ्या डोक्यावरच होती. मी वर बघितलं नाही. गल्ला तसाच टाकून बाहेर धावलो. साहेब गाडीचं दार उघडत होते.

"साहेब, डीव्हीडी येते आता त्याची. कुट्टीला सांगून आज मागवतो. अकोल्याच्या पत्त्यावर पाठवतो. तिच्यात घासत नाही."

त्यांचा हात दारावरच होता. आत वहिनी समोर बघत होत्या.

"नको, भाऊ," ते म्हणाले. "झालं बघून."

मग आत बसले, पट्टा लावला, वहिनींचा पट्टा नीट लागलाय का ते ओढून पाहिलं. गाडी मागे घेताना काच खाली करून हात वर केला. "जयभीम," म्हणाले. मी सलाम म्हणायला तोंड उघडलं, पण गाडी तोवर रस्त्याला लागली होती.